बॉबिन काय म्हणतो

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, जनावरांचं मन ओळखतात. हे माझं मत नाही, त्यांचं आहे, आणि ते त्यांनी सगळ्या गल्लीच्या गळी उतरवलेलं आहे. धंद्याने ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. पण एखादी बाई मशीन घेऊन आली आणि बोलता बोलता तिच्या तोंडून घरच्या मांजराचा विषय निघाला, की भाऊजी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "शेपटी कशी धरते?" बाई सांगते. ती काय सांगते याला काहीच महत्त्व नसतं. भाऊजी डोळे मिटून मान हलवतात आणि म्हणतात, "तिचा अपमान झालाय." आमच्या गल्लीत अपमान न झालेलं मांजर आता शोधूनही सापडायचं नाही.

कोपऱ्यावरच्या बेकरीवालीचं मांजर पिठाच्या पोत्यांवर मुतायला लागलं तेव्हा भाऊजींनी जागेवर बसल्या बसल्या निदान केलं की हा मत्सर आहे. नवी भट्टी आल्यापासून मांजराचं घरातलं स्थान गेलं म्हणे. उपाय काय, तर भट्टीच्या देखत त्याचे लाड करा. बिचारी बेकरीवाली घामाघूम होऊन भट्टीसमोर मांजराला कुरवाळत बसायची आणि मागे पाव करपायचे. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी मांजराच्या पोटावर हात फिरवला आणि लघवीत खडे झालेत म्हणून सांगितलं. भाऊजींना हे कळलं तेव्हा ते जराही हलले नाहीत. "खडे मत्सरानेच होतात," ते म्हणाले.

वरच्या मजल्यावरच्या पेन्शनर मास्तरांचा पोपट स्वतःची पिसं उपटायचा. भाऊजी म्हणाले, त्याला रान आठवतंय. पोपट पिंजऱ्यात जन्मलेला, रान त्याने कॅलेंडरवरच पाहिलं असेल तर असेल. पिंजरा गॅलरीत टांगलेला होता आणि समोरच्या गच्चीच्या कठड्यावर एक बोका दिवसभर त्याच्याकडे टक लावून बसायचा. हे दिसायला मान वर करावी लागली असती, एवढंच. पण बघण्यात वेळ जातो, सांगण्यात जात नाही, आणि भाऊजींना वेळ फुकट घालवलेला खपत नाही.

मी त्यांच्याच दुकानात खिडकीपाशी बसते. उसवलेलं शिवते, ढगळ असेल ते आवळते, आखूड झालेलं सोडून देते. लग्न केलं नाही; भाऊजींना जवळून बघून हौस फिटली. तोंडात कायम टाचण्या असल्यामुळे माझं बोलणं कोणाला धड कळत नाही, आणि त्यामुळेच आमचा संसार, म्हणजे ताईचा, भाऊजींचा आणि माझा, इतकी वर्षं टिकला असं ताई म्हणते. ताईचं उलटं आहे. तिची उमेदीची वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये गेली. ती कानात कुजबुजली तरी शेजारच्या इमारतीतली माणसं वळून बघतात.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, आणि ती मी दातओठ खाऊन मान्य करते. मशीनच्या बाबतीत भाऊजींचं म्हणणं कधी चुकलं नाही. मशीन आलं की ते चाकाला हात घालून सावकाश फिरवायचे, मान एका बाजूला कलती करायचे आणि उघडून न बघताच सांगायचे, "शटल घासतंय," किंवा "आतल्या दांड्याचा स्क्रू ढिला झालाय." उघडल्यावर तेच निघायचं. दुकानावरच्या पाटीवर त्यांनी मोठ्या झोकात रंगवून घेतलंय: 'कानाने ओळखू, हाताने सुधारू'. माणसाला देवाने एवढे चांगले कान द्यावेत आणि त्याने ते सोडून तोंडच जास्त वापरावं, याला काय म्हणायचं?

बॉबिन आमच्याकडे आला तो एका जुन्या मशीनच्या लाकडी झाकणातून. घर बदलून जाणाऱ्या कोणीतरी मशीन दुरुस्तीला म्हणून टाकलं, ते न्यायला परत कोणी आलंच नाही. झाकण उचललं तर आत मुठीएवढं कुत्र्याचं पिल्लू. भाऊजींनी त्याला उचललं, त्याच्या डोळ्यात पाहिलं आणि जाहीर केलं, "हा फार स्वाभिमानी आहे." त्याच क्षणी स्वाभिमानी पिल्लाने त्यांच्या बाहीवर कार्यक्रम उरकला. बाही मीच धुतली.

पुढे तो मोठा झाला, तांबूस, एक कान उभा आणि एक पडलेला. दुकानाच्या पायरीवर कोणी पाय ठेवला की भुंकायचा. भाऊजी भिंतीकडे तोंड करून, दिव्याखाली बसतात, दार त्यांच्या पाठीशी येतं. बॉबिन भुंकला की ते वळायचे. हे त्यांचं चांगलं जमलं होतं.

मग बॉबिनने भुंकणं सोडलं. निदान दुकानात तरी. गिऱ्हाईक आलं की तो मुकाट उठायचा आणि भाऊजींच्या गुडघ्याला नाकाने ढुशी द्यायचा. भाऊजींना लगेच अर्थ लागला. "तो प्रगल्भ झालाय," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "बडबडीतला फोलपणा त्याला उमगलाय." ज्यांना हे ऐकावं लागायचं त्यांना तो फोलपणा चांगलाच उमगायचा, पण माणसं सभ्य असतात.

त्या सुमारास भाऊजीही जरा बदलले होते. फोन ते ताईकडे द्यायचे. म्हणायचे, फोनवर माणसाचा चेहरा दिसत नाही, मला आवडत नाही. मी काही विचारलं तर उत्तरच द्यायचे नाहीत. मला वाटलं, गर्व वाढला. नीट केलेली मशीनं परत यायला लागली. "काका, ती टकटक अजून आहे हो," असं कोणी म्हटलं की भाऊजी मशीनवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मशीन तुमच्यावर नाराज आहे." जनावरं संपली, आता यंत्रांचाही अपमान व्हायला लागला, असं मी टाचण्यांआडून म्हणाले. त्याचंही उत्तर आलं नाही.

एके दिवशी भाऊजी एक मशीन चालवून बघत होते. मागे काउंटरपाशी बेकरीवाली उभी होती. बॉबिनने ढुशी दिली, पुन्हा दिली, भाऊजींनी गुडघा झटकला. तेव्हा त्याने विजारीचा काठ दातात धरून ओढला. भाऊजींचा पाय पायडलवर जोरात पडला आणि सुई बोटातून आरपार गेली.

रक्त फार आलं नाही, पण बोलणं फार आलं. पट्टी बांधून होईपर्यंत भाऊजींचा सिद्धांत तयार होता. बॉबिनने डूख धरलाय. लहानपणी त्याला झाकणात कोंडलं होतं त्याचा सूड तो आता माणसावर उगवतोय. असं जनावर घरात ठेवणं धोक्याचं. "धाकट्याला सांगतो," ते म्हणाले. "येत्या रविवारी गोदामावर घेऊन जाईल."

धाकटा म्हणजे त्यांचा भाऊ, ताईचा दीर. त्याचं भंगाराचं गोदाम आहे, आणि तिथे राखणीला कुत्रं लागतं. साखळी फाटकाला बांधलेली असते, कुत्रं बदलत राहतं. याआधीचं कुत्रं मी पाहिलं होतं. साखळी पुरेल तेवढ्या गोलात चालून चालून त्याने जमिनीत चर पाडला होता, आणि माणूस आला काय, गेला काय, ते फिरायचं थांबत नव्हतं.

ताई रडली, आणि ताई रडते तेव्हा गल्ली गोळा होते. मी रडले नाही. मला संताप आला. माझा कुत्र्यावर काही जीव होता अशातला भाग नाही. त्याचे केस कपड्यांना चिकटतात आणि ते मला वेचावे लागतात. पण सूड, डूख, लहानपण, ही सगळी बडबड एका मुक्या जनावराला आयुष्यभर साखळीला बांधणार होती. भाऊजींना एकदा तरी खोटं पाडायचं, आणि तेही धडधडीत, असं मी ठरवलं. त्यासाठी त्यांनी कधी केलं नव्हतं ते करायचं होतं. नुसतं बघायचं.

आधी मला वाटलं, बिस्किटाची लालूच असेल. भाऊजींच्या खिशात चहाबरोबरची बिस्किटं असतात. मी खिसा रिकामा करून टाकला. ढुशी चालूच राहिली. मग वाटलं, कुत्र्याचा घसाच बसला असेल. पण मागच्या दाराने दूधवाला आला तर बॉबिन स्वयंपाकघरात जाऊन ताईपाशी पूर्वीसारखाच खणखणीत भुंकत होता. मी एकटी दुकानात असले तर माझ्यासाठीही भुंकत होता. म्हणजे मौन फक्त भाऊजींपुरतं होतं.

आणखी बघितलं. भाऊजी दाराकडे तोंड करून बसलेले असले, की गिऱ्हाईक आलं तरी बॉबिन उठायचासुद्धा नाही. शेपटी हलवायचा आणि पडून राहायचा. पाठ असली, तरच ढुशी. आणि ढुशी दिल्यावर तो भाऊजींच्या तोंडाकडे बघायचा, मग दाराकडे, मग पुन्हा तोंडाकडे. भाऊजी वळले की त्याचं काम संपलं. तो परत जाऊन पडायचा. सूड घेणारं जनावर इतकं नेमस्त नसतं.

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडायला शनिवारची दुपार यावी लागली. दुकानात कोणी नव्हतं. भाऊजी पाठमोरे बसून एका मशीनचे दात पुसत होते, बॉबिन त्यांच्या पायाशी पडला होता. मी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, उठले आणि त्यांच्या मागे हातभर अंतरावर जाऊन उभी राहिले. साध्या आवाजात म्हणाले, "भाऊजी, तुम्हाला जनावरातलं काडीचंही कळत नाही."

ते पुसत राहिले.

"तुमच्याइतका बढाईखोर माणूस मी जन्मात पाहिला नाही," मी म्हणाले.

त्यांनी फडकं उलटं केलं आणि पुन्हा पुसायला लागले. इतकी वर्षं जपून ठेवलेली वाक्यं होती ती. एक एक घासून लखलखीत केलेलं. आणि ती अशी हवेत विरून गेली. तेवढ्यात बॉबिन उठला, त्याने भाऊजींच्या गुडघ्याला ढुशी दिली, आणि भाऊजी वळले. वळण्याआधीच त्यांच्या तोंडावर एक अर्धवट हसू आलेलं होतं, कशालाही चालेल असं. ते हसू मी कितीदा पाहिलं होतं, आणि प्रत्येक वेळी मला ते कुत्सित वाटलं होतं.

"काय गं, काही म्हणालीस?"

"चहा टाकू का, म्हटलं," मी म्हणाले. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

रविवारी दुकान बंद होतं. धाकटा यायच्या आधी मी शटर अर्धं वर केलं आणि भाऊजींच्या समोर, दिव्याच्या उजेडात जाऊन बसले. "बॉबिनने डूख धरलेला नाही," मी म्हणाले. "तो तुम्हाला सांगतोय. तुम्हाला ऐकू येत नाही हे त्याला कळलंय."

मला वाटलं होतं, ते उसळतील, मग मी सगळे पुरावे पुढे ठेवीन. किती तयारी केली होती मी. भाऊजी तेलाच्या कुपीचं टोपण लावत होते, ते त्यांनी नीट फिरवून बसवलं.

"माहितीये मला," ते म्हणाले.

"काय माहितीये?"

"तो का ढोसतो ते. तुझ्या आधी मला कळलंय. सारखा तोंडाकडे बघत असतो माझ्या." त्यांनी पट्टी बांधलेलं बोट उगाच चोळलं. "लोकांसमोर ढोसतो गं. त्या दिवशी बेकरीवाली म्हणाली, काका, तुमच्यापेक्षा कुत्र्याला जास्त ऐकू येतं. हसत म्हणाली. आज हसते, उद्या तिच्या लक्षात येईल. मग पाटी काय ठेवू बाहेर? बहिऱ्याकडे कोण मशीन आणेल?"

म्हणजे डूख नव्हता, सूड नव्हता, प्रगल्भता तर नव्हतीच. आयुष्यात एकदाच या माणसाने एका जनावराकडे नीट लक्ष देऊन बघितलं होतं, जे दिसलं ते शंभर टक्के खरं होतं, आणि म्हणून त्या जनावराला तो घराबाहेर काढत होता. मला त्यांचा विलक्षण राग आला. मग कीव आली, आणि कीव आली याचा आणखी राग आला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलं होतं. गल्लीत एकदा शब्द टाकला असता, की जन्मभराची फुशारकी एका दिवसात उतरली असती.

"ताईला माहितीये?" मी विचारलं.

"तिचं ऐकू येतं मला," ते म्हणाले. "तिचं सगळ्यांनाच येतं." आणि मग फार हळू, आपण किती हळू बोलतोय हे त्यांना कळत नसणार, म्हणाले, "तू सांगणार आहेस तिला?"

"तुमची अब्रू झाकायची म्हणून बॉबिन गोदामावर गोल गोल फिरणार का?" मी म्हणाले. "लाज वाटते का काही?"

हे त्यांनी ओठांवरून बरोबर वाचलं. मान खाली घातली.

बाहेर टेम्पो थांबला. धाकट्याने हॉर्न वाजवला, मग आणखी जोरात वाजवला. भाऊजी बसून राहिले. बॉबिन उठला. सुई लागली त्या दिवसापासून त्याला ढुशीबद्दल अधूनमधून फटके मिळत होते, त्यामुळे तो पोट जमिनीला लावून आला, पण आला. त्याने गुडघ्याला नाक लावलं, भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं, दाराकडे बघितलं, पुन्हा तोंडाकडे बघितलं. स्वतःला न्यायला आलेल्या माणसाची वर्दी तो देत होता.

भाऊजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

धाकटा शटरखालून वाकून आत आला. त्याच्या हातात साखळी होती. "काय दादा, कधीचा हॉर्न देतोय. चल, दे त्याला."

"नाही देत," भाऊजी म्हणाले.

"का? चावतो ना?"

ज्या माणसाला गल्लीतल्या समस्त मांजरांची गाऱ्हाणी तोंडपाठ, त्याला स्वतःच्या कुत्र्याबद्दल एक थाप सुचेना. धाकटा वाट बघत उभा. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. असं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं.

"तो चावत नाही," मी म्हणाले. "त्याला गिऱ्हाइकाची नियत कळते."

"काय?" धाकटा म्हणाला.

"कोण घाईत आहे, कोणाचं काम अडलंय, ते त्याला वासावरून समजतं. मग तो भाऊजींना येऊन सांगतो. चांगलं माणूस असेल तर गुडघ्याला नाक लावतो. फारच नड असेल तर विजार ओढतो. लाखात एखादं कुत्रं असं निघतं." एवढं बोलून मी धाप टाकली. स्वतःच्या तोंडाची मला किळस आली. भाऊजी डोळे विस्फारून माझे ओठ बघत होते.

"कायच्या काय," धाकटा म्हणाला. पण जाता जाता त्याने बॉबिनसमोर क्षणभर थांबून बघितलं, तो आपली नियत कशी आहे म्हणतो ते. बॉबिन काही म्हणाला नाही. साखळी टेम्पोत टाकल्याचा आवाज झाला.

ताईला मीच भाऊजींच्या देखत सगळं सांगितलं, कारण गल्लीत गप्प राहायची माझी ती अट होती. तिने कपाळावर हात मारला, रडली, मग कानाच्या डॉक्टरची वेळ घेतली. कानात घालायचं यंत्र आता घरात आहे. ते कपाटात असतं. भाऊजी म्हणतात, ते यंत्र तुसडं आहे.

आमची वहिवाट अशी बसली आहे. दुरुस्त केलेलं मशीन भाऊजी चालवतात, हात ठेवतात आणि सहज बघितल्यासारखं माझ्याकडे बघतात. टकटक राहिली असेल तर मी कात्री खाली ठेवते. नसेल तर शिवत राहते. मशीनं परत यायची थांबलीत. पाटी आहे तिथेच आहे. आणि बॉबिन गुडघ्याला नाक लावतो तेव्हा गिऱ्हाइकं खूश होतात, कारण ती थाप धाकट्याने गल्लीभर केली. मुद्दाम बायका येतात, बटण लावून घ्यायच्या निमित्ताने, कुत्र्याकडून चांगुलपणाचा दाखला घ्यायला. त्या मला खोदून खोदून विचारतात आणि मला सांगावं लागतं. जन्मभर ज्या प्रकारच्या बडबडीवर मी थुंकले, ती आता मी दिवसातून कितीदा तरी करते, आणि मन लावून करते.

परवा बेकरीवालीला मी हेच सगळं समजावत होते. ती गेल्यावर भाऊजींनी विचारलं, "काय सांगत होतीस?" मी त्यांच्यासमोर जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"नियत वगैरे काही नसतं," ते म्हणाले. "तुझा अभ्यास नाही. कुत्र्याच्या मनाचं फार वेगळं असतं, कधीतरी सांगेन तुला." आणि भिंतीकडे तोंड करून ते कामाला लागले.

मी जागेवर आले, टाचण्या तोंडात धरल्या, आणि त्या पाठीकडे बघत मनात होतं ते सगळं बोलून घेतलं, अगदी सावकाश, एकही शब्द न गाळता. बॉबिन उठून बसला. त्याने माझ्याकडे बघितलं. भाऊजींच्या पाठीकडे बघितलं. आता ढुशी देणार म्हणून मी सुई हातात धरून थांबले. मग त्याने हनुवटी पुन्हा पंजांवर टेकवली आणि डोळे मिटले. त्याचा अर्थ काय, ते मी सांगणार नाही. मी फक्त बघितलं.